लाइटची बारी

लोक विचारायचे, "काय बनवता हो शेडमधी?" मी सांगायचे, "चुंबक." मग पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हंजी जत्रंत मिळतंय ते?" सुरुवातीला मी नीट समजावून सांगायचे. पुढे नुसतं "हो" म्हणायला लागले. माणसाच्या सहनशक्तीला काही मर्यादा असते की नाही?

आमचं शेत पेठच्या अलीकडे, नाशिक रस्त्यापासून थोडं आत. शेतात सिमेंटच्या पत्र्याची एक लांब शेड होती, कांदा साठवायला बांधलेली. त्या शेडच्या एका टोकाला आमचं मोल्डिंग मशीन होतं. हे लग्नाआधी भोसरीला प्लॅस्टिकच्या कारखान्यात फिटर होते. कारखान्याने जुनं मशीन मोडीत काढायचं ठरवलं, तेव्हा ह्यांनी ते उचललं आणि गावी आणलं. मीही लग्नाआधी भोसरीतच, एका कारखान्याच्या लॅबमध्ये होते. माहेर येडगावचं. जुन्नरला बीएस्सी केलेलं, केमिस्ट्री घेऊन. सोयरीक जुळवताना दोन्ही घरच्यांना याचं फार कौतुक होतं. लग्न झालं, हे शेतीसाठी गावी परतले, आणि त्या बीएस्सीचा उपयोग उरला तो शेजारच्या पोरांचे गृहपाठ तपासण्यापुरता. खुरपायला जायचं, दुपारी भाकरी घेऊन यायचं, संध्याकाळी भाजीच्या जुड्या बांधायच्या. काम वाईट नव्हतं. पण ते माझं नव्हतं. हे बोलायला मला तेव्हा लाज वाटायची, आता वाटत नाही.

म्हणून मशीन आलं तेव्हा मला झालेला आनंद ह्यांच्याहून जास्त होता. आधी आम्ही बाटल्यांची बुचं काढली. मग ह्यांच्या ओळखीच्या एका कंपनीने विचारलं, चुंबकाची कडी काढून द्याल का? पाण्याच्या मीटरमध्ये बसते ती. मीटरच्या आत पाण्याच्या धारेने एक कडी फिरते आणि भिंतीपलीकडची दुसरी कडी तिच्या ओढीने फिरते, आकडे पुढे सरकतात. शहरातल्या माणसाने किती पाणी वापरलं ते मोजायला आमच्या शेतातली कडी! कडी केवढी? पायातल्या जोडव्याएवढी.

या कामाचा दाणाच वेगळा. साधा प्लॅस्टिकचा दाणा हलका असतो. हा काळाभोर, आणि पोतं असं वजनदार की प्लॅस्टिक समजून उचलायला जाणारा कंबर धरून खाली बसायचा. नायलॉनमध्ये फेराइट नावाची काळी भुकटी खच्चून भरलेली. मशीनच्या बॅरलमध्ये हा दाणा वितळतो, स्क्रू तो रस डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबतो, रस थिजला की कडी बाहेर पडते. इथपर्यंत बुचासारखंच. खरी गंमत डायमध्ये होती. भुकटीचे कण रसात कसेही, कुठेही तोंड करून असतात. रस डायमध्ये शिरला की त्याच क्षणी डायभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडायची. सगळे कण एका दिशेला तोंड करतात, तेवढ्यात रस थिजतो आणि ते तसेच अडकून बसतात. मग कडी चार्ज केली की तिच्यात खरी ताकद येते. वेटोळ्यात वीज कमी पडली, तर कडी दिसायला तशीच काळी, गुळगुळीत, देखणी. अंगात मात्र जोर नाही.

हे सगळं मी शिकले, जमवलं, आणि मला ते आवडायचं. पहिली चांगली कडी हातात आली तेव्हा मी ती शिवणाच्या सुयांजवळ नेली. डबीतल्या सगळ्या सुया उठून तिला चिकटल्या. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारी बसून लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "सुया हरवायच्या न्हाईत आता."

आत्यांनी शेड द्यायला नाही म्हटलं नव्हतं. एकच अट घातली होती. "कांदा निगंपतूर शेड तुमची. तवर त्या कंपनीनं हो म्हनलं तर ऱ्हाऊ द्या मशीन, कांद्याला मी दुसरीकडं बघीन. न्हाई म्हनलं तर मशीन हलवा. कांदा काय उघड्यावर सडवायचा?" यात चुकीचं काही नव्हतं. उन्हाळी कांदा चैत्रात निघतो. म्हणजे चैत्रापर्यंत कंपनीने आमची कडी पास केली, तर मी मशीनवर. नाही तर मशीन भंगारात आणि मी पुन्हा खुरपं घेऊन सरीत. माझं सगळं त्या जोडव्याएवढ्या कडीवर अडकलं होतं.

आणि त्या कडीने माझ्या नाकीनऊ आणले.

आधी लाइट. दोन हजार सालानंतरची ती वर्षं ज्यांनी खेड्यात काढली, त्यांना भारनियमन म्हणजे काय हे सांगायला नको. शेतीच्या लाइनवर थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ती ठरल्या वेळी येईल याची खात्री नाही, ठरल्या वेळेआधी जाईल याची मात्र पक्की. बॅरल तापवायलाच बराच वेळ लागायचा. ते तापून, माल सुरळीत यायला लागून, चार कड्या हाताला लागतात न लागतात तोच फट्‌! सगळं बंद. आतला माल थिजून दगड. लाइट आली की पुन्हा तापवा, जळका माल बाहेर काढून टाका, पुन्हा सुरुवात. वेगळी लाइन मागितली होती. तिचे खांब "येतायत" असं ऐकत होतो.

मग दमट दाण्याचा घोळ. नायलॉन हवेतली ओल पितो. दाणा कोरडा नसेल तर कडीवर पांढऱ्या रेघा उठतात आणि ती बिस्किटासारखी मोडते. ड्रायर होता, पण ड्रायरलाही लाइटच लागते. एकदा मी माहेरी गेले होते. आत्यांनी आम्ही दाणा "वाळवायचा, वाळवायचा" म्हणतो ते ऐकलेलं. त्यांनी आपण होऊन अख्खं पोतं ओट्यावर जुन्या साडीवर पसरलं, कुरडयांच्या शेजारी. दोन दिवस ऊन दिलं, रात्री दवात ठेवलं, वर माती आणि कोंबड्यांची पावलं. मी आल्यावर अभिमानाने म्हणाल्या, "बघ कसा खडखडीत वाळलाय." मी कपाळावर हात मारला. पण त्यांना बोलणार काय? त्यांनी मनापासून केलं होतं, आणि मनापासून केलेल्या नुकसानीला ओरडताही येत नाही. तो माल टाकून द्यावा लागला.

पण या दोन्हींवर मी उपाय शोधले. दिवसाच्या लाइटचाच आठवडा धरायचा, दाणा ड्रायरमधून काढला की लगेच पत्र्याच्या डब्यात बंद करायचा. एवढं करूनही कंपनीत पाठवलेला नमुना परत आला. निरोप असा, की काही कड्या जोरदार, काही मेलेल्या. दिसायला सगळ्या सारख्या. मी वैतागून गेले. दाणा तोच, डाय तीच, हात तोच. मग एका दुपारी मशीनवर बसले असताना पॅनेलवरच्या व्होल्टेजच्या काट्याकडे लक्ष गेलं. लाइट आली तेव्हा काटा बरा होता, आणि बघता बघता कमरेत मोडल्यासारखा खाली आला. बाहेर येऊन ऐकलं, तर चहूकडून मोटारींचा आवाज. आमच्या डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या विहिरींच्या मोटारी ऑटोवर टाकलेल्या. थ्री फेज आली रे आली की सगळ्या आपोआप चालू. सगळं बळ तिकडे गेलं, माझ्या वेटोळ्याच्या वाट्याला आली उरलीसुरली वीज. कण अर्धेमुर्धे वळले आणि थिजले.

कारण कळल्याचा आनंद फार टिकला नाही. लोकांच्या मोटारी मी कशा बंद करणार?

दरम्यान ह्यांचं मन मशीनवरून उडत चाललं होतं. सुरुवातीला हे रोज मशीन पुसायचे, ग्रीस घालायचे, येईल त्याला दाखवायचे. आता मी काही सांगायला लागले की हे कांद्याच्या मानेकडे बघत, "हं, हं," करायचे. भांडण नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. भांडलं तर निदान कळतं तरी.

शेवटी कंपनीतून फोन आला. त्यांचे तपासणीचे साहेब स्वतः येणार, समोर कड्या काढून घेणार, तिथेच मोजणार. पास झालं तर काम सुरू, नाही तर विषय संपला. ठरलेला दिवस कांदा काढणीच्या जरा आधीचा. शेतातल्या पाती माना टाकायला लागल्या होत्या. शेवटचं एक पाणी दिलं की संपलं.

मी डीपीवरच्या प्रत्येक घरी जायचं ठरवलं. सुरुवात केली ती तात्यांपासून. तात्या म्हणजे ओढ्यापलीकडचे वयस्कर शेतकरी; त्यांचं सगळं टोमॅटोवर. ओट्यावर बसून मी त्यांना कण, वेटोळं, व्होल्टेज सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते काय मला कळलं न्हाई. पन तुला त्या दिसी लाइट पायजे, आन आमच्या मोटारी आड येत्यात. हेच ना?"

"हेच."

"मंग बारी लावू की. हिरीच्या पान्याची लावतो तशी लाइटची."

आमच्याकडे भावकीत विहीर एक आणि वाटेकरी अनेक, म्हणून पाण्याची बारी लावतात. आज याचा दिवस, उद्या त्याचा. ज्याची बारी त्याचं पाणी, त्यात मग कुणी बोट घालत नाही. सख्खे भाऊ बोलत नसले तरी बारी मोडत नाहीत. तात्यांनी तोच कायदा लाइटला लावला. माझ्याबरोबर स्वतः चार घरं फिरले. एक जण कुरकुरला, "टमाटू सुकंल, तात्या." तात्या म्हणाले, "एक दिस न्हाई मरत. तिची बारी हाय म्हनून सांगतोय न्हवं?" मग सगळ्यांनी कबूल केलं. त्या दिवशी मोटारी ऑटोवरून काढायच्या आणि मी निरोप देईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. "तू सांगशील तवा लावू," तात्या म्हणाले.

मी घरी आले ती तरंगतच. ह्यांना सांगितलं, "सगळे बंद ठेवणारेत." हे म्हणाले, "बरं झालं."

तो दिवस उजाडला. ह्यांनी साहेबांना फाट्यावरून गाडीवर बसवून आणलं. साहेब चांगले होते, उगाच तोरा नाही. आत्यांनी दिलेला चहा प्यायले, बॅगेतून चुंबकाची ताकद मोजायचं छोटं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. लाइट आली. बॅरल तापलं. ह्यांनी डाय बसवली, सगळं एकदा हलवून बघितलं आणि "तू बघ, मी आलोच," म्हणून बाहेर गेले.

पॅनेलवरचा काटा असा ताठ मी कधीच पाहिला नव्हता. शेडच्या दारातून शेत दिसत होतं आणि कुठेच मोटारीचा आवाज नव्हता. एवढी शांतता की पत्र्यावरच्या चिमण्या ऐकू येत होत्या. पहिली कडी पडली. चार्ज करून साहेबांच्या हातात दिली. त्यांनी मोजली, भुवया उंचावल्या, दुसरी मागितली. तीही तशीच. मग तिसरी. साहेब म्हणाले, "ताई, हे तर आमच्या आत्ताच्या मालापेक्षा बरं आहे." मला हसू आवरेना. साडेचार फुटांच्या त्या जुनाट मशीनला मिठी मारावीशी वाटत होती.

आणि काटा हलला.

मला वाटलं, भास. पण तो खाली आला आणि खालीच राहिला. पुढची कडी साहेबांनी मोजून बाजूला ठेवली. त्याच्या पुढचीवर त्यांनी यंत्र झटकून पुन्हा लावलं. मी मशीन थांबवलं, "एक मिनिट हं," म्हणाले आणि बाहेर आले. कुणी मोडली बारी? आधी ओढ्यापलीकडे कान दिला. शांत. वरच्या अंगाला, शांत. आणि मग अगदी जवळून, आमच्याच बांधाच्या कडेने, पाइपातून पाणी पडल्याचा आवाज आला.

आमच्या शेडची केबल आणि आमच्या विहिरीची केबल एकाच खांबावरून, एकाच बारीक तारेवरून आलेली. अख्ख्या डीपीवर एकच मोटार चालू होती, आणि ती आमची होती.

मी चिखलातून पळत गेले. हे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात फावडं घेऊन वाफ्यात पाणी फिरवत होते. मला बघून म्हणाले, "काय झालं? झालं का पास?"

"मोटार का लावली?"

"आपली बारी हाय ना आज. कांद्याला शेवटचं पाणी."

"सगळ्या डीपीच्या मोटारी बंद आहेत! माझ्यासाठी!"

"अगं, मंग सगळ्या बंद हायत तर आपल्या एकीनं काय व्हतंय?" हे खरंच गोंधळलेले दिसत होते. "आन बारी सोडली तर परत कवा यायची? बारी कुनी सोडतं का?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांनी मुद्दाम केलं असतं तर सोपं होतं. मुद्दाम केलंच नव्हतं. परक्या घरांनी माझी बारी मानली, आणि ह्यांच्या डोक्यात ती बारी होती हेच आलं नाही. विहिरीची बारी खरी. बायकोची कसली बारी? मी खोपटात जाऊन मोटारीचं लाल बटण दाबलं. "बारी जाईल आपली," हे मागून म्हणाले. "जाऊ दे," मी ओरडले, आणि पुन्हा शेडकडे पळाले.

साहेब यंत्र बॅगेत ठेवत होते. मी म्हणाले, आता होईल, आता पुन्हा काढून दाखवते. ते म्हणाले, "ताई, तुम्ही काढाल. तुम्हाला येतं, ते मी पाहिलं. पण मला रोज सारखा माल लागतो, आणि तुमची लाइट तुमच्या हातात नाही." नमुन्याच्या कड्या त्यांनी नेल्या, चांगल्या आणि मेलेल्या वेगवेगळ्या पुडीत. मी त्यांना फाट्यापर्यंत सोडायला ह्यांना सांगितलं. मला कुणाशीच बोलायचं नव्हतं. कंपनीचा "नाही" फोनवर नंतर आला, पण तो मी त्या दुपारीच ऐकला होता. कांदा निघाला, शेड कांद्याने भरली. मशीन टेम्पोत चढवताना आत्या डोळ्याला पदर लावून उभ्या होत्या, एवढं मी पाहिलं.

पण त्या दिवसाची संध्याकाळ अजून सांगायची आहे. मी बॅरलमधला माल काढला, ड्रायर बंद केला, घरी येऊन चूल पेटवली. ह्यांना चहा दिला. दारात पावलं वाजली. तात्या होते. काठी टेकत ओढा ओलांडून आले होते, धोतराला गवताची कुसळं चिकटलेली.

"झालं का गं पोरी तुझं?" ते म्हणाले. "लाइट जायाची येळ झाली. निरोप आला न्हाई म्हनून इच्यारायला आलो. आमी समदी थांबलोय."

भर उन्हाळ्याच्या दिवसात सगळ्यांचे टोमॅटो दिवसभर कोरडे उभे होते, आणि मी रागाच्या भरात निरोप द्यायचा हेच विसरले होते.

"झालं, तात्या," मी म्हणाले. "लावा मोटारी."

"पास झालं न्हवं?"

मी मान हलवली. ती कशी हलवली ते मलाही माहीत नाही. तात्यांनी "बेस झालं" म्हटलं, अंगणात जाऊन ओढ्यापलीकडे जोराने हाळी दिली आणि निघून गेले. थोड्या वेळाने एक मोटार सुरू झाली, मग दुसरी, मग सगळीकडूनच आवाज यायला लागला. आमच्या घरातला बल्ब पिवळा पडला.

ह्यांनी बशीतून वर बघितलं. "आत्ता कशी काय व्होल्टेज पडली?"

"तात्यांनी मोटार लावली," मी म्हणाले. "ते अजून थांबले होते."